टाकीतलं पाणी आणि दोन अहवाल : पुण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

एकाच प्रश्नावर, एकाच समितीने, महिन्याभराच्या अंतराने लिहिलेले दोन अहवाल माझ्यासमोर आहेत. पहिला ४२ पानांचा. तो सभेत मांडला गेला, त्यावर दोन तास वादावादी झाली आणि काहीही न ठरता सभा उठली. दुसरा साडेतीन पानांचा. त्यावर पाऊण तासात ठराव झाला, आणि ठरल्याप्रमाणे काम झालं. दुसऱ्याच्या लेखनात मी समितीसोबत होते. भोसरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करताना अहवाल लिहिणं आणि इतरांचे तपासणं हा माझा रोजचा भाग आहे, म्हणून सोसायटीच्या सचिवांनी मला बोलावलं. पहिला अहवाल लांब होता म्हणून फसला, असा निष्कर्ष ऐकणारे लगेच काढतात. मला तो पटत नाही. तोच मजकूर कापून चार पानांत बसवला असता, तरी सभेत तेच भांडण झालं असतं.

सोसायटी सिंहगड रस्त्यावर, धायरीच्या बाजूला. तीन विंग, ९६ फ्लॅट, राहणारी माणसं साधारण ३५०. बोअरचं पाणी फक्त बागेला. घरांना नळाचं पाणी, आणि उन्हाळ्यात ते कमी पडतं म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत टँकर. या एप्रिलमध्ये दिवसाला सरासरी चार टँकर लागले. दहा हजार लिटरचा टँकर, हजार रुपयांना एक. म्हणजे महिन्याला एक लाख वीस हजार रुपये. मेंटेनन्स वाढवावा लागणार अशी कुजबुज सुरू झाली, आणि कार्यकारी समितीने पाच जणांची पाणी समिती नेमली. तिला काम दिलं ते एका वाक्यात : ‘टँकरचा खर्च वाढण्याची कारणे पाहून अहवाल द्यावा.’

पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं बी या वाक्यात आहे. कारणं पाहून काय ठरवायचं आहे, कोण ठरवणार आहे, कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नाही. समितीला दिशा दिलेली नसेल तर समिती जमेल तेवढं सगळं गोळा करते, आणि नेमकं तेच झालं.

पहिला अहवाल समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी लिहिला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना काकाच म्हणतात. माणूस अत्यंत कष्टाळू. भर उन्हात प्रत्येक विंगच्या गच्चीवर जाऊन आले, टँकरच्या सगळ्या पावत्या तारीखवार लावल्या, शेजारच्या सोसायट्यांत जाऊन चौकशी केली. हे सगळं अहवालात आहे. सुरुवात मात्र खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांपासून होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, खडकवासल्याचाही बांध गेला आणि शहरात पूर आला, त्याचा एक परिच्छेद. मग शहराची वाढ, हद्दीत आलेली गावं, भूजल. सोसायटीचा पहिला उल्लेख सहाव्या पानावर येतो. त्यानंतर समितीच्या प्रत्येक बैठकीचा वृत्तान्त, अकरा रकान्यांचा टँकरचा तक्ता, छायाचित्रं, आणि शेवटी २३ शिफारशी. त्यातल्या बऱ्याच अशा : ‘पाण्याच्या अपव्ययाबाबत सभासदांमध्ये जागृती करावी’, ‘गळतीबाबत योग्य ती कार्यवाही करावी’, ‘टँकर पुरवठादारावर देखरेख ठेवण्यात यावी’.

सभा फुटली ती चौदाव्या पानावरच्या दोन वाक्यांवर. ‘टँकर पूर्ण भरून येत नसावेत अशी शंका आहे. तसेच सी विंगमध्ये वाहने पाइपने धुतली जात असल्याचे निदर्शनास आले आहे.’ सी विंगवाले उठले. कोणाच्या निदर्शनास आलं, कधी, किती वेळा? कोणी म्हणालं, टँकरवाला बदला. कोणी म्हणालं, ज्यांच्या घरी माणसं जास्त त्यांनी जास्त पैसे भरावेत. प्रत्येकाला त्या ४२ पानांत आपल्या मताला आधार सापडत होता. अशा सभेत ठराव होणं शक्यच नव्हतं, कारण ठरावाला मांडलेला प्रश्नच नव्हता.

आणि ३१व्या पानावर, ‘इतर निरीक्षणे’ या मथळ्याखाली, सातव्या क्रमांकाला, ही ओळ होती : ‘रात्री जमिनीखालील टाकीची पातळी कमी होत असल्याचे वॉचमन यांनी सांगितले.’

सगळ्या प्रकरणाची किल्ली या ओळीत होती. सभेत ती कोणी वाचली नाही. ती लिहिणाऱ्यांनाही तिचं मोल कळलं नव्हतं, कारण ती बावीस निरीक्षणांमध्ये समान वजनाने बसली होती. अहवाल लिहिणाऱ्याचं सर्वांत मोठं काम वजन ठरवण्याचं आहे, असं मी मानते. कुठली गोष्ट वर, कुठली खाली, कुठली बाहेर, हे लिहिणाऱ्याने ठरवलं नाही तर वाचणारा आपापल्या सोयीने ठरवतो.

पुन्हा बसलो तेव्हा मी काकांना पहिला प्रश्न विचारला : सभा संपल्यावर सोसायटीत काय बदललेलं हवं आहे? काका म्हणाले, “ताई, लोकांना परिस्थिती कळावी.” समितीतल्या ज्या बाई टँकरची नोंदवही ठेवत होत्या, त्या लगेच म्हणाल्या, “काका, परिस्थिती सगळ्यांना माहीत आहे. पैसे कुठे घालायचे ते ठरायला हवं.” तिथून काम सुरू झालं. अहवाल एका निर्णयासाठी लिहायचा आणि त्या निर्णयाला न लागणारी गोष्ट, कितीही खरी असली, तरी मुख्य मजकुरात घ्यायची नाही, हे ठरलं. धरणं गेली. १९६१ गेलं. ते सोडताना काकांना त्रास झाला आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला : “एवढी मेहनत घेतली, ती दिसायला नको का?”

हा प्रश्न मी हलका मानत नाही. आपल्याकडे अहवाल पुष्कळदा काम केल्याचा पुरावा म्हणून लिहिला जातो. शाळेपासून तीच सवय लागते, पानं जास्त तर गुण जास्त. समितीवरच्या माणसाला तर पगारही नसतो, केलेलं काम कुणीतरी पाहावं इतकीच अपेक्षा असते. म्हणून काकांचा पावत्यांचा तक्ता, भेटींची टिपणं, सगळं वेगळ्या फाइलमध्ये नीट लावून सोसायटीच्या कार्यालयात ठेवलं आणि मुख्य अहवालात ‘हा आकडा तक्ता २ वरून’ असा निर्देश दिला. त्यामुळे ती मेहनत पहिल्यांदाच कामाला आली : सभेत एकाने आकड्याबद्दल शंका घेतली, तेव्हा मूळ पावती दोन मिनिटांत समोर ठेवता आली.

मग आम्ही पहिल्या अहवालातलं प्रत्येक विधान तीन रंगांच्या पेनांनी रंगवलं. स्वतः मोजलेलं हिरवं, कुणीतरी पाहिलेलं किंवा सांगितलेलं निळं, आणि आपल्याला वाटलेलं लाल. काम सोपं वाटतं, पण त्यात खूप वाद होतात, आणि ते वाद व्हायलाच हवेत. ‘टँकर पूर्ण भरून येत नसावेत’ हे लाल. ‘सी विंगमध्ये वाहने पाइपने धुतली जातात’ हे एका सदस्याने एका रविवारी एक गाडी धुताना पाहिली होती एवढंच, म्हणून निळं. हिरवं फारच थोडं निघालं : पावत्या आणि नळाच्या मीटरचं वाचन. वॉचमनची ओळ निळी होती, पण तिच्यात मोजता येण्यासारखं काहीतरी होतं. मी असं म्हणेन की याच टप्प्यावर बहुतेक अहवाल सुधारतात किंवा बिघडतात. लाल विधानं सफाईदार भाषेत लिहून हिरव्यासारखी दिसायला लावणं फार सोपं असतं, आणि ‘असे निदर्शनास आले आहे’ ही वाक्यरचना त्यासाठी हाताशी असतेच. तिच्यात पाहणारा माणूस नाहीसा होतो.

रात्रपाळीच्या वॉचमनना भेटलो. ते साताऱ्याकडचे, दोन वर्षांपासून इथे आहेत. त्यांनी सांगितलं, “मॅडम, एक वाजता पंप बंद करतो. पहाटे पुन्हा चालू करायला झाकण उघडलं की पाणी खाली गेलेलं असतं. मी दोघा-तिघांना बोललो होतो.” हे ऐकून मोजणी ठरवली.

जमिनीखालच्या टाकीचे दोन कप्पे आहेत, पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा. प्रत्येक आतून पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद. म्हणजे एका कप्प्यात पाणी एक सेंटिमीटर उतरलं की १५० लिटर गेले. यासाठी कुठलंही महागडं उपकरण लागलं नाही. अल्युमिनियमची एक लांब पट्टी घेतली, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. रात्री एक ते चार पंप बंद, नळाकडून येणारा व्हॉल्व्ह बंद, दोन्ही कप्प्यांना जोडणारा व्हॉल्व्हही बंद. घरांना त्या वेळी गच्चीवरच्या टाक्यांतून पाणी मिळत होतं, त्यामुळे कुणाची गैरसोय नाही. वाचन दोघांनी स्वतंत्रपणे घ्यायचं, वहीत वेळेसह लिहायचं, मग एकमेकांशी ताडून पाहायचं.

टाकी जवळपास भरलेली असताना पूर्वेचा कप्पा तीन तासांत १३ सेंटिमीटर उतरला, पश्चिमेचा एक. एकूण १४ सेंटिमीटर, म्हणजे २,१०० लिटर. तासाला ७००. दिवसाला १६,८००. पण टाकी नेहमी भरलेली नसते, आणि पातळी खाली गेली की दाब कमी होऊन गळतीही मंदावते. म्हणून दुसऱ्या रात्री टाकी अर्धी असताना तीच मोजणी केली. पूर्वेला नऊ, पश्चिमेला एक. तासाला ५०० लिटर, दिवसाला १२,०००. पश्चिमेचा एक सेंटिमीटर हा पट्टी वाचण्यातला फरकही असू शकतो, हे अहवालात तसंच लिहिलं.

तीच पट्टी टँकरलाही लावली. दोन्ही कप्पे जोडलेले असताना दहा हजार लिटर ओतले तर पातळी सुमारे ३३ सेंटिमीटर चढायला हवी. प्रत्यक्षात ती ३१ ते ३३ चढत होती, म्हणजे टँकर ९,३०० ते ९,९०० लिटर टाकत होते. थोडी तूट आहे, पण जिच्यावरून सभेत आरडाओरडा झाला होता ती चोरी नाही. ही मोजणी अहवालात घ्यायची की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. गळतीच्या निर्णयाला ती थेट लागत नाही. पण अर्ध्या सोसायटीला टँकरवाला दोषी वाटत होता, आणि वाचणाऱ्याच्या मनातल्या शंकेला उत्तर दिल्याशिवाय तो पुढचं पान उलटत नाही. म्हणून घेतली, तीन ओळींत.

पुण्याला या शिस्तीची परंपरा आहे, हे सांगण्याचा मोह मला इथे आवरत नाही. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने १८७६–७७च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवून तिथली हकिकत गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. वाचणारा अनुकूल नव्हता. नुसत्या आर्जवाने त्याचं मन वळणार नव्हतं. प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलं आणि नोंदवलेलं तेवढंच हाती होतं. सोसायटीची टाकी आणि दुष्काळ यांची बरोबरी होत नाही, पण मेहनत कुठे घालायची याचं उत्तर मला तिथे मिळतं.

आता दुसऱ्या अहवालाची सुरुवात. शीर्षकच असं दिलं : ‘जमिनीखालील टाकीच्या पूर्व कप्प्याची दुरुस्ती : १,६५,००० रुपयांच्या खर्चाला मंजुरीची शिफारस’. आणि पहिला परिच्छेद :

‘आपल्या जमिनीखालील टाकीतून दररोज १२,००० ते १७,००० लिटर पाणी गळत आहे. हे सव्वा ते पावणेदोन टँकर होतात. टँकरच्या दिवसांत यावर महिन्याला सुमारे ३६,००० ते ५०,००० रुपये जातात. गळती जवळजवळ पूर्णपणे पूर्व कप्प्यातून आहे. तो रिकामा करून दुरुस्त करण्यास १,६५,००० रुपये खर्च येईल. हा खर्च कार्यकारी समितीच्या अधिकारापेक्षा जास्त असल्याने सभेची मंजुरी हवी आहे. दुरुस्तीच्या काळात पश्चिम कप्प्यातून पाणीपुरवठा चालू राहील.’

इतकंच वाचून कुणी कागद खाली ठेवला तरी तो मत देऊ शकतो. सोसायटीतले बहुतेक लोक हा अहवाल मोबाइलवर, लिफ्टमध्ये किंवा ऑफिसच्या बसमध्ये वाचणार, हे आम्ही धरून चाललो होतो. त्यांच्यासाठी हा परिच्छेद. खजिनदारांसाठी आणि हिशोब पाहणाऱ्यांसाठी पुढची दोन पानं. आणि विरोध करणाऱ्यांसाठी फाइल. एकाच अहवालाचे वाचक असे वेगवेगळे असतात, आणि प्रत्येकाला आपल्या जागी थांबता आलं पाहिजे.

पैशांच्या वसुलीबद्दलचं वाक्य सर्वांत जास्त वेळा बदललं. पहिल्या मसुद्यात होतं, ‘खर्च चार महिन्यांत वसूल होईल.’ १,६५,००० ला ३६,००० नी भागलं तर साडेचार महिने, ५०,००० नी भागलं तर सव्वातीन. हिशोब बरोबर. पण नोंदवही ठेवणाऱ्या बाईंनी विचारलं, “टँकर वर्षभर कुठे येतात?” खरंच. पाऊस सुरू झाल्यावर गळतं ते नळाचं पाणी, त्याला टँकरचा दर लावता येत नाही. हे चार महिने टँकरच्या हंगामातले, आणि हा हंगाम संपत आलेला. अंतिम वाक्य असं झालं : ‘यंदाचे उरलेले टँकरचे दिवस आणि पुढचा पूर्ण उन्हाळा धरला, तर पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत खर्च वसूल होईल असा अंदाज आहे.’ हे वाक्य पहिल्याइतकं आकर्षक नाही. पण पुढच्या वर्षी कुणी ते काढून दाखवलं, तर मान खाली घालावी लागणार नाही.

आणखी एक परिच्छेद मला महत्त्वाचा वाटतो. शहरी वस्तीसाठी केंद्राच्या मार्गदर्शक निकषात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. ३५० माणसांना ४७,२५० लिटर. एप्रिलमध्ये नळाचे सुमारे ३०,००० आणि टँकरचे ४०,००० मिळून ७०,००० लिटर रोज आत येत होते. फरक जवळपास २३,००० लिटरचा. गळतीने त्यातले १२ ते १७ हजार समजतात. उरलेले सहा ते अकरा हजार कुठे जातात? अहवालात लिहिलं : ‘हे आम्ही अजून मोजलेले नाही. गच्चीवरील टाक्या भरून वाहणे, घरांतील फ्लशच्या टाक्यांची गळती किंवा निकषापेक्षा जास्त वापर, यांपैकी काहीही असू शकते. त्याबद्दल आज शिफारस करत नाही.’ समितीतल्या तरुण सदस्याला हे लिहिणं धोक्याचं वाटत होतं. लोक म्हणतील, अर्धवट काम करून आलात. मी आग्रह धरला. जिथे माहिती संपते तिथे अहवालाने थांबलं पाहिजे, आणि थांबलो आहोत हे सांगितलंही पाहिजे.

तेवीस शिफारशींच्या जागी एक आली. बाकीच्यांपैकी काही चांगल्या होत्या, पण त्या समितीने सभेला विचारण्याच्या नव्हत्याच : फ्लोट व्हॉल्व्ह बदलणं, वाहनं धुण्याबद्दल सूचना लावणं. ती कामं कार्यकारी समिती स्वतःच्या अधिकारात करू शकते, म्हणून ती यादी सचिवांना वेगळी दिली. सभेपुढे ठरावाचा मसुदा तयार ठेवला. त्यात रक्कम, काम कोण करणार, कोणत्या तारखेला सुरू, देखरेख कोणाची, पूर्ण झाल्याचा अहवाल कोण आणि कधी देणार, हे सगळं लिहिलेलं. फक्त सूचक आणि अनुमोदक यांची जागा रिकामी. तीन ठेकेदारांची दरपत्रकं एका छोट्या तक्त्यात : १,४८,०००, १,६५,००० आणि २,१०,०००. सर्वांत स्वस्त का घेतलं नाही, हे त्याच तक्त्याखाली एका वाक्यात, कारण तो प्रश्न येणार हे नक्की होतं : स्वस्त दरपत्रकात पाइप भिंतीतून जातो तिथल्या सांध्याचं काम धरलेलं नव्हतं.

छायाचित्रं सव्वीस होती, एक ठेवलं. पट्टी, तिच्यावरच्या रात्री एकच्या आणि पहाटे चारच्या खुणा. आणि मोजणीच्या वर्णनाच्या आधी हे वाक्य : ‘टाकीची पातळी रात्री उतरते हे प्रथम रात्रपाळीच्या वॉचमननी लक्षात आणून दिले.’ पहिल्या अहवालात ते ३१व्या पानावर होते, आता दुसऱ्यावर आले. ज्याने पाहिलं त्याचं श्रेय अहवालात असावं, ही माझी ठाम भूमिका आहे. पुढच्या वेळी कुणी काही पाहिलं तर तो सांगायला येईल की नाही, ते यावर ठरतं.

मसुदा पक्का करण्यापूर्वी समितीबाहेरच्या दोघांना वाचायला दिला. एक आजी, ज्या सोसायटीच्या सभांना नेमाने येतात, आणि एक कॉलेजात शिकणारा मुलगा. त्यांना ‘कसा वाटला?’ असं विचारलं नाही. विचारलं : आम्ही तुमच्याकडे काय मागतो आहोत? आजींनी बिनचूक सांगितलं. मुलाला वाटलं, दोन्ही कप्पे एकदम रिकामे होणार आणि आठवडाभर पाणी बंद. पुन्हा पाहिलं तर दुरुस्तीच्या काळातल्या पाण्याबद्दलचं वाक्य तिसऱ्या पानावर होतं. ते पहिल्या परिच्छेदात आणलं. वर दिलेलं शेवटचं वाक्य ते हेच.

विशेष सर्वसाधारण सभेची सूचना किमान पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. अहवाल त्या सूचनेबरोबरच पाठवला. पहिला अहवाल सभेच्या दारात हातात दिला गेला होता. ४२ पानं हातात घेऊन माणूस भाषण ऐकेल की वाचेल? कुठलंच धड होत नाही.

सभा मे महिन्यातल्या एका रविवारी, पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून झाली. काकांनीच अहवाल मांडला. वाचून दाखवला नाही. सगळ्यांनी वाचला आहे असं धरून थेट विचारलं, काय शंका आहेत? टँकरच्या चोरीचा विषय निघाला, पण नोंदवहीतली ३१ ते ३३ सेंटिमीटरची वाचनं दाखवल्यावर तो तिथेच मिटला. गाडी धुण्याचा विषय कुणी काढलाच नाही. एका गृहस्थांनी विचारलं, “गच्चीवरच्या टाक्यांचं काय?” काकांनी सांगितलं, “ते मोजलेलं नाही. पान तीनवर तसं लिहिलं आहे.” त्या उत्तरानंतर सभेचा सूर सैल झाला, हे मी मागे बसून पाहिलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी सुचवलं की ठेकेदाराचे शेवटचे वीस टक्के चाचणी झाल्यावरच द्यावेत : कप्पा भरून २४ तास ठेवायचा आणि त्याच पट्टीने मोजायचा. ही सूचना ठरावात घेतली. अहवालात हे नव्हतं आणि ती सूचना त्याहून चांगली होती. वाचणाऱ्याला मुद्दा नीट कळला की तो भांडण्याऐवजी त्यात भर घालतो. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. चौघांनी विरोध नोंदवला, तो इतिवृत्तात आहे.

कप्पा रिकामा केल्यावर दिसलं, पंपाकडे जाणारा पाइप जिथून भिंतीबाहेर पडतो त्या सांध्याला भेग होती, आणि एका कोपऱ्यात गिलावा सुटला होता. दुरुस्तीनंतर २४ तासांच्या चाचणीत पातळी एक सेंटिमीटरही उतरली नाही. टँकर चारावरून तीनवर आले, काही दिवशी दोनच लागले. समितीने ठरल्याप्रमाणे एका पानाचा पूर्ततेचा अहवाल दिला. त्यात खर्च, चाचणीची वाचनं आणि टँकरची संख्या आहे. त्याखाली काकांनी स्वतः घातलेला एक परिच्छेद आहे : जूनमधली घट पूर्णपणे दुरुस्तीमुळे आहे असं म्हणता येणार नाही, कारण शाळा सुरू होईपर्यंत काही कुटुंबं गावी होती आणि मग पाऊसही लागला. खरी तुलना पुढच्या एप्रिलशीच करावी लागेल. त्यासाठी नळाच्या मीटरचं वाचन आणि टँकरची चढती पातळी रोज त्याच वहीत, त्याच वेळी लिहायची, असं ठरलं आहे. सकाळचं वाचन नोंदवही ठेवणाऱ्या बाई घेतात, रात्रीचं वॉचमन.